लिनक्सवर व्हिडिओ संकलन : आधी क्लिप तपासा, मग सॉफ्टवेअर निवडा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांचा लॅपटॉप जुना आहे : सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि या यंत्रावर विंडोज ११ रीतसर चढत नाही, म्हणून मुलाने लिनक्स मिंट घालून दिले. बाकी सगळी कामे सुरळीत चालतात, अडले आहे ते फक्त व्हिडिओचे. संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर फळ्यापुढे उभे राहून मोबाइलवर घेतलेले पंधरा-वीस मिनिटांचे पाठ त्यांना नीट कापून, शीर्षके घालून विद्यार्थ्यांना द्यायचे आहेत, आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाचे दोन मोबाइलवरचे चित्रणही जोडायचे आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप घातली तर ना चित्र दिसले ना आवाज आला. केडेनलाइव्हमध्ये ती अडखळत चालली आणि पाठ संपेपर्यंत ओठ आणि आवाज यांची फारकत झाली. ओपनशॉट सोपे वाटले, पण लांब पाठाला ते थकले. मुलगा म्हणतो, रिझॉल्व्हची विकतची आवृत्ती घेऊ. सहकारी म्हणतात, फुकटात मिळते ते कामचलाऊच असते, मी विंडोजवरच्या नामांकित सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत देतो. त्या विचारतात : ‘पुन्हा पुन्हा शिकायला मला वेळ नाही. एकदाच विचार करून एकच सॉफ्टवेअर निवडायचे आहे. कोणते निवडू? की मुकाट्याने विंडोजकडे परत जाऊ?’

उत्तर : बाई, तुम्ही तीन सॉफ्टवेअरच्या तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्यांची बेरीज करून ‘लिनक्स व्हिडिओच्या कामाचे नाही’ असा निष्कर्ष काढण्याच्या बेतात आहात. या तक्रारींची कारणे मात्र एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी विंडोजवरही तुमच्या मागे आल्या असत्या. प्रयोगात आकडे जुळले नाहीत तर उपकरण फेकून देण्याआधी आपण जोडणी तपासतो. ती सवय इथेही उपयोगी पडेल.

मुलाचा सल्ला पैशांचा आहे, म्हणून रिझॉल्व्हचा विचार आधी करू. हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. दा विंची सिस्टिम्स ही मुळात चित्रपटांच्या रंगसंस्काराची, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्याची, यंत्रे बनवणारी कंपनी. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती २००९ मध्ये विकत घेतली आणि आज रिझॉल्व्हची एक आवृत्ती मोफत मिळते. मात्र त्याची लिनक्स आवृत्ती ज्यांच्यासाठी आहे ते लोक, म्हणजे मोठमोठे रंगसंस्कार कक्ष, मोबाइलच्या क्लिपा संपादत बसत नाहीत. मोबाइल चित्रण साठवतो एच.२६४ किंवा एच.२६५ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्रण दाबून लहान करण्याच्या पद्धतीत, आणि आवाज एएसीमध्ये. लिनक्सवरची मोफत आवृत्ती हे कोडेक उलगडतच नाही. तुमच्या क्लिपमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही शाबूत होते, फक्त समोरच्याला ते वाचता येत नव्हते. २९५ डॉलरची विकतची आवृत्ती एच.२६४ वाचते, पण त्यासाठी दणकट ग्राफिक्स कार्ड लागते. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते नाही आणि लॅपटॉपमध्ये ते मागाहून बसवताही येत नाही. शिवाय कंपनी अधिकृतपणे ज्या लिनक्सवर हे सॉफ्टवेअर चालवून देण्याची हमी घेते ते रॉकी लिनक्स आहे, मिंट नव्हे. थोडक्यात, तेवढे पैसे मोजूनही तुम्ही आज आहात तिथेच राहाल. मुलाला हे जरूर सांगा, आणि त्याला खर्च करायचाच असेल तर आठ जीबी रॅमच्या जागी सोळा जीबी करून द्यायला सांगा. त्याचा गुण लगेच दिसेल.

मोफत आवृत्तीतच काम करण्याची एक पळवाट आहे आणि ती मी लपवत नाही, कारण चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या एखाद्या वाचकाला ती उपयोगी पडेल. एफएफएमपेग नावाच्या साधनाने प्रत्येक क्लिप डीएनएक्सएचआर या संकलनस्नेही कोडेकमध्ये आणि आवाज असंक्षेपित पीसीएममध्ये बदलून घ्यायचा, म्हणजे रिझॉल्व्ह ती विनातक्रार घेते. पण त्याची किंमत डिस्कवर मोजावी लागते. १०८० रेषांच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रणासाठी डीएनएक्सएचआरचा चांगल्या दर्जाचा प्रकार सेकंदाला सुमारे २२० मेगाबिट घेतो. म्हणजे तुमचा वीस मिनिटांचा एक पाठ ३३ जीबीच्या घरात जातो. मोबाइलवर तोच पाठ साधारण तीन जीबीत मावलेला असतो.

आता केडेनलाइव्हकडे वळू. इथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत आणि दोन्हींचे मूळ मोबाइलच्या फाइलमध्ये आहे.

अडखळण्याचे कारण असे. एच.२६४ प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चौकट आणि त्यांच्या दरम्यान फक्त काय बदलले याच्या नोंदी, अशी त्याची रचना असते. म्हणून तर फाइल एवढी लहान राहते. सलग पाहताना हे खपून जाते. संकलन करताना मात्र आपण सतत मागेपुढे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला प्रोसेसरला मागची पूर्ण चौकट शोधून तिथपासून हिशेब मांडत यावे लागते. एच.२६५ मध्ये हा हिशेब आणखी जड. त्यात चित्रण फोर-के असेल, म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे, तर तुमच्या प्रोसेसरला चौपट बिंदू सांभाळावे लागतात, आणि फळ्यावरचे अक्षर १९२० गुणिले १०८० मध्येही स्वच्छ वाचता येते. तेव्हा पहिला उपाय मोबाइलच्या सेटिंगमध्ये करा : रिझोल्यूशन १०८० वर, चौकटी सेकंदाला ३० आणि ‘हाय एफिशियन्सी’ किंवा एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५च) अशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद.

दुसरा उपाय केडेनलाइव्हमध्येच आहे आणि तो न वापरता या सॉफ्टवेअरला नावे ठेवणारे बरेच जण आहेत. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ चालू केली की ते प्रत्येक क्लिपची एक लहान, हलकी प्रत तयार करते. तुम्ही काम करता त्या प्रतीवर, आणि शेवटी रेंडर करताना, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवताना, मूळ क्लिपच वापरली जाते, त्यामुळे दर्जा तसूभरही कमी होत नाही. प्रती तयार होईपर्यंत चहा प्यावा लागतो, एवढेच. त्यावरही अडखळले तर प्रिव्ह्यूचे रिझोल्यूशन ३६० किंवा ५४० वर आणा. शॉटकट या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही या दोन्ही सोयी आहेत.

ओठ आणि आवाज यांच्या फारकतीचे कारण मला तुमच्या पत्रातल्या ‘संध्याकाळी’ या एका शब्दात दिसते. मोबाइलचा कॅमेरा ३० चौकटी म्हणतो खरा, पण उजेड कमी पडला की प्रत्येक चौकटीला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो चौकटींची संख्या गुपचूप कमी करतो. तुम्ही खिडकीकडे सरकलात की पुन्हा वाढवतो. या प्रकाराला बदलता फ्रेम रेट म्हणतात. आवाज मात्र ठरल्या गतीनेच नोंदला जातो. टाइमलाइनला, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीला, सेकंदाला ठरावीक चौकटी हव्या असतात, त्यामुळे हा हिशेब कुठेतरी सुटतो. सुरुवातीला फरक जाणवत नाही, पंधराव्या मिनिटाला तुम्ही ‘अपवर्तन’ म्हणता आणि ओठ अजून ‘परावर्तन’वरच असतात. विंडोजवर काम करणाऱ्यांचीही ही तक्रार जुनीच आहे.

खात्री करायची असेल तर मीडियाइन्फो नावाचे लहानसे मोफत साधन घ्या, त्यात क्लिप उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ या ओळीपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिले आहे का ते पाहा. तसे असेल तर क्लिप टाइमलाइनवर ठेवण्याआधी ती स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची. केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांच्या अलीकडच्या आवृत्त्या अशी क्लिप ओळखतात आणि संकलनस्नेही प्रत बनवू का, असे स्वतःहून विचारतात. घाईत आपण ती खिडकी बंद करतो. शॉटकट तर फाइल लहान हवी की दर्जा जास्त हवा याचे तीन पर्यायही पुढे ठेवते. आणि मुळात वर्गात उजेड वाढवा. दुपारच्या सुट्टीत, खिडकीच्या उजेडात घेतलेला पाठ यंत्रालाही सोपा जातो आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांनाही. (ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर ठेवा. हे तुम्ही मला शिकवायला हवे!)

एवढे केल्यावर ‘कोणते सॉफ्टवेअर’ हा प्रश्न पुष्कळच हलका होतो, पण तो उरतोच. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि फ्लोब्लेड या तिघांच्या पोटात एमएलटी नावाचे एकच इंजिन आहे. शॉटकटचे कर्ते डॅन डेनेडी हे त्या इंजिनाच्याही मुख्य कर्त्यांपैकी आहेत. म्हणजे या भाकऱ्या एकाच गिरणीच्या पिठाच्या, थापणारे हात वेगळे. चित्राचा दर्जा किंवा कोणती फाइल चालते यांत त्यांच्यात फार अंतर पडत नाही. फरक आहे तो मांडणीत. शॉटकट मोकळे आणि शांत आहे, पण त्याच्या काही पद्धती स्वतःच्याच आहेत. केडेनलाइव्हमध्ये पडदाभर बटणे दिसतात, पण इतर कोणतेही संकलन सॉफ्टवेअर पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटते. ते वारंवार बंद पडते ही कीर्ती जुनी आहे. २०१९ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीत त्याचा गाभा नव्याने लिहिला गेला, त्यानंतर ते बरेच स्थिरावले.

तुमच्यासाठी मी केडेनलाइव्ह सुचवीन, आणि ते ‘सर्वोत्तम’ आहे म्हणून नव्हे. पाठांना लागणारी शीर्षके त्यात चांगली घालता येतात, दोन मोबाइलची चित्रणे आवाजावरून जुळवण्याची सोय त्यात आहे आणि सवय बसली की स्नेहसंमेलनासाठी दुसरे काही शिकावे लागणार नाही. पण ते मिंटच्या जुन्या भांडारातून घेऊ नका. मिंटचा पाया उबुंटूच्या दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीवर असतो, त्यामुळे तिथली सॉफ्टवेअर स्थिर असली तरी मागे राहिलेली असतात. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच त्याच नावापुढे ‘फ्लॅटपॅक’ असे लिहिलेली नोंद दिसेल, ती निवडा. किंवा केडेनलाइव्हच्या संकेतस्थळावरून ॲपइमेज ही एकच फाइल उतरवून घ्या, तिच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रोग्रॅम म्हणून चालवण्यास परवानगी’ द्या आणि दोनदा टिचकी मारा. ॲपइमेजचा एक फायदा असा की हातातला प्रकल्प संपेपर्यंत तीच फाइल ठेवता येते. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत नीट उघडेलच असे नसते, म्हणून काम अर्धे असताना अद्ययावत करण्याचा मोह टाळा. मिंटऐवजी फेडोरा हे लिनक्स वापरणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यात पेटंट असलेले कोडेक मुळात येत नाहीत. त्यांच्या भांडारातला एडिटर घ्यायचा तर आधी आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडावे लागते.

ओपनशॉट वाईट नाही. पाच मिनिटांच्या सहलीच्या चित्रफितीला ते पुरते, तुमच्या लांबीला पुरणार नाही. ब्लेंडरमध्येही संकलनाचा विभाग आहे, पण त्रिमिती कामासाठी ब्लेंडर आधीच येत असेल तरच त्या वाटेला जावे.

‘एकदाच आणि एकच’ या तुमच्या अटीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण खरी धास्ती तिथे आहे. कापणे, जोडणे, आवाजाची पातळी सारखी करणे, शीर्षक घालणे, रेंडर करणे ही पाच कामे एकदा हाताला बसली की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात. तुमची मेहनत वाया जात नाही. वाया जातात त्या प्रकल्पाच्या फाइली. केडेनलाइव्हची प्रकल्प-फाइल ही केवळ नोंदवही असते : कोणती क्लिप कुठे ठेवलेली आहे, कुठून कुठपर्यंत घेतली आहे. व्हिडिओ तिच्यात नसतो. तीच एक फाइल पेनड्राइव्हवर घालून महाविद्यालयातल्या संगणकावर उघडली तर ‘क्लिपा सापडत नाहीत’ असा निरोप येणारच. म्हणून प्रत्येक पाठाचा स्वतंत्र फोल्डर करा, मोबाइलवरून क्लिपा आधी त्यात उतरवा आणि मगच प्रकल्प सुरू करा. क्लिपांची नावे नंतर बदलू नका. काम संपल्यावर प्रकल्प ‘आर्काइव्ह’ करण्याची सोय फाइल मेनूमध्ये आहे, ती सगळ्या क्लिपा एकत्र गोळा करते. पण दहा वर्षांनीही हमखास चालेल अशी वस्तू म्हणजे रेंडर केलेली एमपी-फोर फाइल आणि मूळ क्लिपा. त्या दोन्ही बाहेरच्या डिस्कवर ठेवा, मग सॉफ्टवेअर पुढे बदलले तरी पाठ तुमच्या हातून जाणार नाहीत.

दुसरे एक गृहीतक मला थोडे हलवून पाहावेसे वाटते. तुमच्या प्रत्येक पाठाला संकलनाची गरज आहेच का? पुढचे ‘झाले का सुरू?’ आणि मागचे ‘बंद कर रे’ एवढेच काढायचे असेल तर लॉसलेसकट हे मोफत साधन पुरते. ते क्लिप पुन्हा रेंडर न करता जशीच्या तशी कापते, वीस मिनिटांच्या पाठाला जेमतेम काही सेकंद लागतात. कापण्याची जागा जवळच्या पूर्ण चौकटीवर जाते, म्हणून ती थोडी मागेपुढे सरकू शकते. तुमच्या कामाला ते चालेल. ज्या पाठात फळ्यापेक्षा आलेख आणि आकृत्या जास्त आहेत तो ओबीएस स्टुडिओ या पडद्यावरचे चित्रण करणाऱ्या साधनाने थेट लॅपटॉपवरच ध्वनिचित्रमुद्रित करा. ओबीएस ठरलेल्या फ्रेम रेटने नोंद करते, त्यामुळे फारकतीचा प्रश्नच येत नाही. साठवणीसाठी एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडा, म्हणजे मध्येच यंत्र बंद पडले तरी तोवरचे चित्रण हाती राहते. नंतर ओबीएसच्याच मेनूतून त्याची एमपी-फोर करता येते.

शीर्षकांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण मराठीत शिकवणाऱ्या प्रत्येकाला तिथे ठेच लागते. कोणतेही सॉफ्टवेअर पक्के करण्याआधी त्यात एक ओळ टंकून पाहा : ‘सूर्यकिरणांचा दुसऱ्या माध्यमात प्रवेश’. ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर, ‘दुसऱ्या’मधला र आडव्या रेघेसारखा आणि ‘कि’ची वेलांटी क च्या आधी, हे तिन्ही बरोबर दिसले तर ते सॉफ्टवेअर आपली लिपी जाणते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या परीक्षेत पास होतात. फॉण्ट युनिकोडच घ्या. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत आणि मोबाइलच्या लहान पडद्यावरही वाचता येतात. शिवाजी किंवा श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांतला मजकूर उचलून चिकटवला तर चिन्हांचा सडा पडेल, तो नव्यानेच टंकावा लागेल. ज्यांच्या आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात त्यांनी शीर्षक इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात टाइमलाइनवर ठेवावे.

सहकाऱ्यांची ‘क्रॅक’ प्रत घेऊ नका. कायद्याचा भाग आहेच, पण अशा प्रतींसोबत घुसखोर प्रोग्रॅम येणे ही रोजची गोष्ट आहे आणि तुमच्या यंत्रावर विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते, फोन क्रमांक असतात. शिवाय ती चालवायला विंडोज हवे, म्हणजे आधार संपलेली प्रणाली पुन्हा घालून तिच्यावर संशयास्पद प्रोग्रॅम चढवायचा. फुकट ते कामचलाऊ, या त्यांच्या मताला एवढेच उत्तर पुरे की एफएफएमपेग २००० पासून मोफत आहे आणि व्हिडिओच्या जगातले कितीतरी विकतचे व्यवहार त्याच्याच जिवावर चालतात.

विंडोजकडे परतण्यात कमीपणा नाही. तुमची मोठी नड एखाद्या ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरशी बांधलेली असती, म्हणजे उदाहरणार्थ एखाद्या स्टुडिओला प्रीमियर या संकलन सॉफ्टवेअरच्या प्रकल्प-फाइली द्यायच्या असत्या, तर मीच तो सल्ला दिला असता. तुमच्या गरजेत तसे काही नाही.

राहिले स्नेहसंमेलन. दोन तासांचे एकच सलग चित्रण या लॅपटॉपवर जोडायला जाऊ नका. दोन्ही मोबाइलधारक विद्यार्थ्यांना सांगा की प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी क्लिप घ्यायची, दोघांचे सेटिंग एकच ठेवायचे, आदल्या रात्री मोबाइलमध्ये जागा रिकामी करायची, आणि नाच किंवा नाटिका सुरू होण्याआधी दोन्ही मोबाइलवर चित्रण चालू झाले की एकाने मोठ्याने टाळी वाजवायची. केडेनलाइव्हमध्ये पहिल्या मोबाइलच्या क्लिपवर ‘ऑडिओ रेफरन्स’ ठरवून दुसरी तिच्याशी ‘अलाइन’ करायला सांगितले की ते आवाजावरून दोन्ही जुळवते; गोंगाटात ते चुकलेच तर ध्वनिलहरीच्या आलेखातले टाळीचे टोक पाहून हाताने जुळवता येते. प्रत्येक कार्यक्रम वेगळा रेंडर करून शेवटी ते सगळे एका नव्या प्रकल्पात ओळीने लावा. डिसेंबरमध्ये एखाद्या तालमीवर ही सगळी साखळी एकदा चालवून पाहा, आणि त्या वेळी प्रॉक्सी चालू आहे ना, ते आधी बघा.